बस्त्याच्या दिवशीचा पिच्चर

ताईचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणीच एका जागी बसत नव्हतं. घर म्हणजे हर्सूलला तुरुंगाच्या शिपायांसाठी बांधलेल्या क्वार्टरच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि मागं मोरी. वडील, म्हणजे आमचे दादा, तिथं शिपाई होते. त्यांची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यामुळे घरात कुणीतरी नेहमी झोपलेलं असायचं आणि आम्ही लहानपणापासून हळू बोलायला शिकलो होतो. दर तासाला तुरुंगातला टोल पडायचा. पाहुणे दचकायचे, आम्हाला तो ऐकूसुद्धा यायचा नाही. त्या उन्हाळ्यात मात्र मला प्रत्येक टोल ऐकू येत होता. पडवीत कुरडयांचा चीक शिजत असायचा, आई जात्यावर दळून आणलेला येसर, आमटीचा मसाला, चाळून डब्यात भरायची, मिरचीच्या खकाण्यानं आम्ही सगळे शिंकायचो, आणि ताई या खोलीतून त्या खोलीत काहीतरी शोधत फिरायची. काय शोधते विचारलं तर म्हणायची, "काय नाय रे, उगंच."

मी सतरा वर्षांचा होतो. परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, हातांना काम नव्हतं आणि डोक्यात इतिहास भरला होता. इतिहास म्हणजे तरी काय, लढाया. कुठल्या किल्ल्यावर कोण कसा पडला हे मी डोळे मिटून सांगायचो. अशात शहागंजाजवळच्या टॉकीजमध्ये तो पिच्चर लागला. त्याचं नाव मी लिहीत नाही. एका तरुण किल्लेदाराची गोष्ट होती. महिनोन्महिने वेढा, उपासमार, मग दगाफटका, आणि शेवटी बादशाही फौजेच्या हाती सापडलेल्या किल्लेदाराचे हाल. क्वार्टरमधली पोरं दोनदोनदा बघून आली होती. आली की त्यांचे आवाज बसलेले असायचे. किल्लेदार पहिल्यांदा पडद्यावर आला की सगळं थेटर पायातल्या चपला काढून उभं राहतं, असं ती सांगायची. मला रात्री झोप लागेना. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "लग्नघर हाय. आता कुठं पिच्चरं बघतो?"

मग मला बस्त्याची आठवण झाली.

आजच्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडं लग्नाच्या कपड्यांच्या खरेदीला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची माणसं मिळून दुकानात बसतात. नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांनी घ्यायचे, नवरीच्या साड्या मुलाकडच्यांनी. सगळं एका चादरीत बांधायचं, ते गाठोडं मुलीच्या घरी आणून त्याला हळदकुंकू लावायचं, सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि मग आपापला वाटा घेऊन निघायचं. बस्ता बांधला की लग्न पक्कं. बांधलेला बस्ता न जेवता सुटला, तर त्या मुलीच्या दारात दुसरा पाहुणा सहजासहजी येत नसे. "बस्ता सुटलेली पोरगी" असा शब्दच होता. आमच्या नात्यातली एक मावशी तो शब्द पाठीवर घेऊन म्हातारी झाली.

मी दादांना म्हणालो, "बस्ता झाला की पाव्हण्यांना पिच्चरला नेऊ. वैजापूरला कुठं असं थेटर हाय? त्यांचा मान व्हईल." मान हा शब्द मी मुद्दाम वापरला. दादांना तो लागू पडायचा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दिल्या, तिकिटं तूच काढून ठिव." एवढंच. पिच्चरचा हट्ट माझा होता. पुढं जे झालं ते कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. तरी मी आजही तो दिवस आठवतो तेव्हा माझ्यापासूनच सुरू करतो. बायको म्हणते, तुम्हाला जगातल्या प्रत्येक गोष्टीत आपला हात दिसतो. दिसतो खरा.

पाहुणे वैजापूरचे. नवरदेवाचे वडील तात्या, कांद्याची शेती आणि मार्केट यार्डात दिवसभर उठबस. त्यांची थोरली बहीण आत्याबाई. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती आणि त्या घरात शब्द तिचाच चालायचा. आणि नवरदेव भागवत, उंच, काळासावळा, कुणी बोललं की आधी बापाकडं बघून मग उत्तर देणारा. सुपारी फुटली त्या दिवशी तात्यांनी सहज विचारलं होतं, "दिंडवळे हे आडनाव कधी आयकलं नाय ओ. कुठलं?" तेव्हा दादा ताठ बसले. दादा कधी बढाई मारत नसत, पण ही एक त्यांच्याजवळ होती. म्हणाले, "किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाला बारकी दिंडी असती बघा, एका माणसापुरती. त्या दिंडीवर आमचे पूर्वज व्हते. राखणीला. म्हणून दिंडवळे." तात्यांनी मान डोलावली आणि आत्याबाईंकडं बघून म्हणाले, "घराणं जुनं हाय." त्या एका वाक्यानं सोयरीक पुढं सरकली असं आई नंतर बरेच दिवस सांगायची.

बस्त्याला आई आली नाही, ती पुरण शिजवायला घरी थांबली. आम्ही सहाजण शहागंजातल्या दुकानात गादीवर बसलो. साड्या दाखवायला लतीफभाई म्हणून एक वयस्क माणूस होता, तोंडात पान, हात पाण्यासारखे चालणारे. आत्याबाई प्रत्येक साडी उलटी करून बघत होत्या.

"अम्मा, रंग नै जाता इसका. गारंटी."

"गारंटी तुझी का तुझ्या मालकाची?"

"मेरी. मालिक का क्या, वो तो कल दूसरी दुकान खोल लेगा."

आत्याबाई हसल्या. भागवतला कोट घालून बघायला लावला तर तो बाहीत हात घालायचाच विसरला आणि ताईनं पदर तोंडाला लावला. सगळं चांगलं चाललं होतं. मी मात्र सारखा घड्याळाकडं बघत होतो. शेवटी लतीफभाईंनी चादर अंथरली, सगळं त्यात रचलं आणि गुडघा टेकवून गाठ मारली. अशी गाठ की मला वाटलं चादर फाटते. "कां की गडबड है, बेटा?" त्यांनी मला विचारलं. मी पिच्चरचं सांगितलं. "हां, जाव. अच्छी है बोलते. मेरे पोट्टे देखके आए." पानाची पिंक टाकून ते पुढं म्हणाले, "आए तो चुप थे दोनों. खाना भी नै खाए." मला वाटलं, किल्लेदाराचे हाल बघून चुप झाले असतील. गाठोडं दुकानातच ठेवून आम्ही निघालो.

टॉकीजमध्ये घामाचा, उदबत्तीचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास होता. उदबत्ती कुणीतरी पडद्याच्या कडेला खरंच लावली होती. किल्लेदार घोड्यावरून आला आणि पोरं म्हणाली होती तसंच झालं. सगळं थेटर चपला काढून उभं राहिलं. दादा उठले, तात्या उठले, आत्याबाई भागवतचा खांदा धरून उठल्या आणि त्यांनी पडद्याला हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. दादांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा बघत होतो. मला वाटलं, हे मी घडवून आणलं. इतका सुखी मी त्यानंतर फार थोड्या वेळा झालो असेन.

मध्यंतरानंतर आत्याबाई रडायच्या थांबल्याच नाहीत. किल्ल्यावरचं धान्य संपतं, किल्लेदाराची आई आपल्या ताटातली भाकर नातवाला देते आणि पाणी पिऊन झोपते, तिथं बायकांच्या रांगांतून हुंदक्यांचा एकच आवाज उठला. आणि मग ती रात्र आली. पडद्यावर अंधार, मशालीचा उजेड, आणि दिंडीजवळ एक हडकुळा माणूस. तो बिजागरीला तेल लावतो, आवाज होऊ नये म्हणून. कुणाला सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना कळलं. शिव्या सुरू झाल्या. मी खुर्चीवर उभा राहिलो. दादा शेजारी आहेत, आत्याबाई आहेत, ताई आहे, मला कशाचंच भान नव्हतं. "ए हरामखोरा, उघडू नको! उघडू नको!" असं ओरडत मी पायातली चप्पल काढली आणि जीव खाऊन भिरकावली. ती पडद्याला लागली, बरोबर त्याच्या छातीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "शाबास रे पठ्ठे!" भागवतनं वाकून माझ्याकडं बघितलं आणि हसला. कडी निघाली, दिंडी उघडली, अंधारातून बादशाही सरदार आत आला, त्यानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला,

"शाबास, दिंडवळे."

मी अजून खुर्चीवर उभा होतो.

त्यानंतर काय दाखवलं ते मला नीट सांगता येणार नाही. खूप रक्त होतं. किल्लेदार त्या अरुंद दिंडीत एकटा लढतो, त्याला पकडतात, साखळ्या, तापलेल्या सळया, आईची किंकाळी. लोक ओरडत होते, आणि आता त्यांना ओरडायला नाव मिळालं होतं. मागच्या रांगेतला, मघाशी मला शाबास म्हणालेला माणूस, आमच्या आडनावाला आईबहिणीवरून काय काय जोडत होता. त्याला कुठं माहीत होतं की ते नाव त्याच्या पुढ्यात बसलंय. मी खाली बसलो. दादा पडद्याकडं बघत होते, अगदी ताठ, ड्यूटीवर उभे असल्यासारखे. ताईकडं बघायची मला हिंमत झाली नाही. आत्याबाईंनी रडण्याच्या नादात नाव ऐकलंच नसेल अशी मी आशा करत होतो. पण मरताना किल्लेदारानंही ते एकदा घेतलं, आणि तेव्हा थेटर शांत होतं.

परवा मुलीच्या आग्रहानं मी असाच एक नवा पिच्चर बघायला गेलो. मॉलमध्ये, थंडगार हवेत, पाय पसरून बसायच्या खुर्चीवर. आवाज इतका की पोटात हादरे बसत होते. हाल तसेच, आता आणखी जवळून. लोक उभं राहून घोषणा देत होते. मुलगी दोनदा म्हणाली, "पप्पा, पाय हलवू नका ना, खुर्ची हलते." मी पडदा बघतच नव्हतो. कुणाच्या तरी नावानं लोक ओरडत होते आणि मी अंधारात शोधत होतो, ते नाव किंवा त्या नावासारखं नाव घेऊन इथं कोण गप्प बसलंय. लतीफभाईंची मुलं का जेवली नसतील हे मला त्या बस्त्याच्या दिवशीच संध्याकाळपर्यंत कळलं होतं. कळून मी काय केलं? काही नाही. एका दुपारपुरतं जे माझ्या वाट्याला आलं ते कुणाकुणाच्या वाट्याला दर पिच्चरला येतं, हे मी कधी कुणाशी बोललोसुद्धा नाही. इथं लिहितोय, तेवढंच.

दुकानातून गाठोडं घेऊन आम्ही दोन रिक्षा केल्या. एकीत दादा, तात्या, मी आणि मांडीवर गाठोडं. हर्सूल येईपर्यंत तात्या एकच वाक्य बोलले, "ऊन लई हाय अवंदा." दादा म्हणाले, "व्हय, लई." माझा एक पाय अनवाणी होता, तो मी दुसऱ्या पायामागं लपवत होतो.

दारात पुरणाचा आणि तुपाचा वास आला. आई नवी साडी नेसून उभी होती. तिनं आधी गाठोडं बघितलं, मग माझे पाय. "एक चप्पल कुठंय रे?" भागवतला फस्सकन हसू आलं, आणि लगेच त्यानं ते गिळलं. आईला कळेना. तिनं पडवीतल्या बाजेवर आत्याबाईंना बसवलं, तांब्याभांडं पुढं ठेवलं. आत्याबाईंनी पाण्याला हात लावला नाही. आईनं ताईकडं बघितलं, ताईनं मान खाली घातली, आणि आईच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. काय झालंय ते तिला ठाऊक नव्हतं, पण कुठंवर आलंय ते कळलं.

तात्या उभेच होते. म्हणाले, "पाव्हणं, सुपारीला तुम्हीच म्हणला व्हता. दिंडीवर व्हतो म्हणून."

"म्हणलो व्हतो," दादा म्हणाले.

"कोणत्या किल्ल्याच्या?"

"ते ठावं नाय. आज्यानं मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं."

"मंग त्यो पिच्चरमधला..."

"तात्या, मी नव्हं बी म्हणू शकत नाय आन व्हय बी म्हणू शकत नाय. मी काय तिथं व्हतो?"

दाराआडून आई हळूच म्हणाली, "दिंडवळे काय एकच असत्यात? दुसरे असतील कुठले."

मी मनात देवाला हात जोडले. दादांनी फक्त मान हलवायची होती. दादा म्हणाले, "माझ्या माहितीत आपलं एकच घर हाय."

माझ्या माहितीत. आज मी त्या शब्दांना मान देतो. तेव्हा मला वाटलं, या माणसानं आत्ता ताईचा गळा कापला.

तात्या वाईट माणूस नव्हते. ते घसा खाकरून म्हणाले, "माझं काय नाय ओ. पर यार्डात शंभर तोंडं. उद्या म्हणतील, तात्यानं फितुराची लेक आणली. पिच्चर काय आज हाय आन उद्या नाय असं नाय, गावोगाव जाईल. नातवंडांना साळंत पोरं चिडवतील." मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "आज बस्ता सोडून ठिवू. आमचं आम्ही नेतो, तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणजे काय, हे पडवीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"तात्या, पिच्चर हाय त्यो," भागवत म्हणाला. आम्ही ऐकलेलं त्याचं ते पहिलं आपणहून बोललेलं वाक्य.

"तू गप."

तात्या गाठोड्याजवळ खाली बसले आणि गाठ सोडू लागले. लतीफभाईंची गाठ. ती सुटेना. त्यांनी नखं लावली, दात लावायला वाकले, मग लाज वाटून थांबले.  चुलीवर पुरणाच्या पाण्याची, येळवणीची आमटी उकळून उतू जात होती आणि कुणी उठत नव्हतं.

ताई आतून बाहेर आली. लग्न ठरलेल्या मुलीनं अशा वेळी बोलायचं नसतं. ती गाठोड्याच्या पलीकडं बसली आणि म्हणाली, "थांबा तात्या, मी सोडते. माझी बोटं बारीक हायेत. पर आत्याबाईंना एक इचारू?"

आत्याबाईंनी नुसतं वर बघितलं.

"लगीन झाल्यावर मी कोण?"

"कोण म्हंजी? आमची."

"नाव कोणतं लावू?"

"आमचंच. दुसरं कोणाचं लावशील?"

"मंग मी दिंडवळे नाव इथंच टाकून येणार ना. ह्या पडवीत. तुमच्या उंबऱ्याच्या आत त्याचं अक्षर यायचं नाय. ज्याची मी उरणारच नाय, त्याचं तुम्हाला भ्या कशाला?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "त्ये वझं ह्या दिल्याला वागवायचंय जलमभर. आन त्यानं तर आजच त्याला चप्पल मारली."

आत्याबाईंच्या तोंडातून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. मला वाटलं परत रडतायत. त्या हसत होत्या. "आन नेम बी कसला मेल्याचा," त्या म्हणाल्या, "बराबर छातीवर!" मग भागवत हसला, आणि हसू आवरेना म्हणून तोंड फिरवून उभा राहिला. आत्याबाईंनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. "उठ रे तात्या. गाठ नको सोडू. पोरगी बोलती लई, पर बोलती ते बराबर बोलती. वाढा ओ इहीणबाई. त्या पिच्चरनं रडवून रडवून पोट रिकामं केलं माझं."

सगळे जेवायला बसले. पुरणपोळ्या, गुळवणी, भजी, कुरडया. हसणं, आग्रह, अजून एक, अजून अर्धी. दादाच वाढत होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. ताईनं घर वाचवलं होतं, आणि ते वाचवताना दादांच्या समोर, दादांच्या पडवीत, त्यांचं नाव केरासारखं बाहेर टाकलं होतं. दादांना ते लागलं होतं, आणि इलाज नाही हेही कळत होतं. पाहुण्यांनी "तुम्ही बी बसा" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "माझं मागनं. ड्यूटीवर जायचंय." त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. पाहुणे गेले, आईनं त्यांचं ताट वाढलं, ते झाकलेलंच राहिलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पिच्चर उतरायचं नाव घेत नव्हता. क्वार्टरमधली पोरं मला "ए दिंडी, दार लाव!" म्हणायची. तुरुंगाच्या मोठ्या फाटकालाही एक बारकी दिंडी होती, आणि दादांचे सोबती, त्यांच्या ताटात जेवलेले, थट्टेनं म्हणायचे, "दिंडवळे, आज फाटकावर तुम्ही नका ओ बसू, कैदी मोजावं लागतील." दादा तिथं हसायचे. घरी आले की टोपी खुंटीला लावायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. झोपलेले नसायचे, आम्हाला कळायचं. मी तर असा वागत होतो की दिंडी मीच उघडली. कुणी आडनाव विचारलं की मला खोकला यायचा. वाटायचं, कुणाची तरी माफी मागावी, पण मागायची कुणाची? ज्याचं वाईट झालं तो तीनशे वर्षांपूर्वीचा, आणि तो तरी झाला होता की नाही, देव जाणे. पुढं मोठेपणी मी जमेल तेवढं शोधलं. ना असा किल्लेदार सापडला, ना असा दिंडवळे. पिच्चर लिहिणाऱ्याला नाव कानाला बरं वाटलं असेल, एवढंच. पण हे कळायला फार वर्षं जावी लागली.

ताई आणि दादा एकमेकांशी कामापुरतं बोलत. एकदा ती मोरीत भांडी घासत असताना मी तिला विचारलं, "तू असं का म्हणलीस गं?" तिनं वर न बघता सांगितलं, "मंग काय म्हणायला पायजे व्हतं? उठून चालले व्हते ते. तू आणलेली माणसं थेटरातनं, आन बसवायची मी." मग राखेचा हात माझ्या गालाला लावून म्हणाली, "जा, पाणी आण."

लग्न वैजापूरलाच झालं. ताईसोबत पाठराखा म्हणून मी सासरी गेलो. वरात घरी पोचली तेव्हा ओट्यावर, रस्त्यावर, समोरच्या गच्चीवर माणसंच माणसं. दाराच्या चौकटीत नणंदांनी आडवे हात लावून वाट अडवली. नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही, ही रीत. "मोठ्यानं घ्या!" "जुनं नाय, नवीन पायजे!" यार्डातली तात्यांची माणसं पुढंच उभी होती. शंभर तोंडं म्हणाले होते, तेवढी असतील.  मला वाटत होतं, तिनं पटकन काहीतरी म्हणावं आणि आत जावं. ताईनं मुंडावळ्या सारख्या केल्या, मान वर केली आणि आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"वैजापूरच्या बाजारात कांद्याला भाव,
दिंडवळ्यांची लेक घेते भागवतरावांचं नाव."

 कुणीतरी पाठीमागं कुजबुजलं. तात्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाई दारात भाकरतुकडा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ताईवरून ओवाळला, बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "ये गं दिंडवळ्याचे, आत ये."

आमच्याकडं सासरी सुनेला तिच्या माहेरच्या आडनावानंच हाक मारतात. कदमाचे, मोरेचे, पवाराचे. नवऱ्याचं आडनाव कागदावर, हाकेला माहेरचं. हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण बस्त्याच्या दिवशी पडवीत ताई ते बोलली तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं? आत्याबाई नवऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं याच, आपल्या माहेरच्या घराच्या नावानं हाका ऐकून आल्या होत्या. त्यांना ताईची लबाडी तेव्हाच कळली असणार. त्या हसल्या होत्या त्या माझ्या नेमाला हसल्या होत्या असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी यष्टीनं परत आलो. दादा जेवायला बसले होते. पुढ्यात भाकरी, येसराची आमटी. मी पाय धुवायच्या आत त्यांनी विचारलं, "दारात अडवलं असंल पोरीला?"

"व्हय."

"काय घेतलं नाव?"

मी सांगितलं. ते घास हातात धरून बसले. म्हणाले, "परत म्हण." मी परत म्हटलं.

"हळूच म्हणली असंल."

"नाय दादा. समोरच्या गच्चीपस्तोर गेलं."

"आन आत्याबाई?"

"म्हणल्या, ये गं दिंडवळ्याचे, आत ये."

आई चुलीजवळून म्हणाली, "आता काय, सकाळपासनं रातपस्तोर तेच. दिंडवळ्याचे चहा ठिव, दिंडवळ्याचे पाणी आण, दिंडवळ्याचे कुठं मेली गं?"

 दादांनी हातातला घास खाल्ला, ताटातली भाकरी संपवली आणि ताट पुढं सरकवलं.

"अजून एक टाक," ते म्हणाले. "गरम."